ॲपवाल्या कंपनीशी जोडलेला धंदा: हिशेब कसा तपासायचा आणि सोडायचा झाला तर कसा सोडायचा

ठाण्यातल्या नौपाडा, जांभळी नाका, वर्तकनगर आणि घोडबंदर रोडच्या नव्या वसाहती या पट्ट्यातल्या लहान दुकानांची हिशेबाची कामं मी करते. किराणा, पीठ-मसाले, स्टेशनरी, पूजेचं साहित्य, असा सगळा गल्ल्यावरचा धंदा. यातली बहुतेक दुकानं आज कुठल्या ना कुठल्या डिजिटल कंपनीशी जोडलेली आहेत. वर्ष-दोन वर्षं झाली की मालक विचारतात, "ताई, हे चालू ठेवू की बंद करू?"

तेव्हा बहुतेक जण फोनवरचा विक्रीचा आकडा दाखवतात. त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. खर्च वजा जाता हातात काय उरलं हे आधी पाहावं लागतं, आणि बंद करायचं ठरलंच तर कामं कोणत्या क्रमाने करायची याला फार महत्त्व आहे. रागाच्या भरात "उद्यापासून बंद" असा ईमेल पाठवला, की पॅनल, म्हणजे ॲपवरचं तुमच्या दुकानाचं खातं, बंद होतं, हिशेबाचे कागद आत राहतात आणि येणं वसूल करायला हातात पुरावा उरत नाही. हे टाळता येतं.

तुमचं नातं नेमकं कोणतं

"ॲपशी टायअप" या एकाच शब्दाखाली पाच-सहा वेगळे व्यवहार येतात. कंपनी तुमचा माल तिच्या ॲपवर दाखवते, गिऱ्हाईक तुमच्याकडून विकत घेतं आणि कंपनी कमिशन कापते, हा मार्केटप्लेसचा व्यवहार. कंपनी किंवा तिच्याशी जोडलेला विक्रेता तुमच्याकडून माल विकत घेऊन पुढे विकतो, तो पुरवठ्याचा व्यवहार. पार्सल ठेवण्या-देण्याचं केंद्र, क्यूआर आणि साउंडबॉक्स, त्यावर मिळालेलं कर्ज, आणि वेबसाइट-इन्स्टाग्राम सांभाळणारी एजन्सी हे आणखी वेगळे.

पहिल्या दोघांतला फरक नीट समजून घ्या, कारण पैसे अडकले की तिथेच सगळं वळतं. मार्केटप्लेसमध्ये कंपनी तुमची खरेदीदार नसते, मध्यस्थ असते. पुरवठ्यात ती खरेदीदार असते. बिल कोणाच्या नावाने फाडता, गिऱ्हाइकाच्या की कंपनीच्या, हे पाहिलं की उत्तर मिळतं.

करार शोधून काढा

"आम्ही काही सही केली नव्हती" हे मी सतत ऐकते. फोनवर "मान्य आहे" दाबलं असेल तर तोही करारच. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेले करार माहिती तंत्रज्ञान कायद्याने वैध आहेत. दुकान जोडलं त्या सुमाराचे ईमेल शोधा. नंतर "अटींत बदल" म्हणून आलेले ईमेलही शोधा, कारण कमिशन बहुतेक वेळा तिथेच वाढलेलं असतं. मग एका कागदावर मराठीत एवढंच उतरवा: नोटीस किती दिवसांची, किमान किती काळ बांधील आहात, शेवटचे पैसे कंपनी किती दिवस रोखू शकते, अनामत किती, वाद झाला तर कोणत्या शहरात आणि कोणापुढे. लवाद (कोर्टाबाहेर वाद सोडवणारा पंच) बेंगळुरू किंवा गुरुग्रामला असं लिहिलेलं असेल तर लहान रकमेसाठी तिथे जाणं परवडत नाही, म्हणून पैसे अडकणारच नाहीत अशा बेताने बाहेर पडावं लागतं.

"फक्त आमच्याच ॲपवर विका" असं कोणी सांगत असेल तर हेही माहीत असू द्या. परकी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेस कंपनीला विक्रेत्यावर अशी सक्ती करता येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून हा नियम आहे.

एका ऑर्डरचा हिशेब मांडा

तीन साधे महिने घ्या. दिवाळीचा किंवा गणपतीचा महिना नको, त्याने चित्र फसवं दिसतं. विक्रीचा तक्ता बाजूला ठेवा आणि पेआउटचं स्टेटमेंट उतरवून घ्या, म्हणजे प्रत्यक्ष खात्यात जमा झालेल्या रकमेमागचा तपशील. तो बँकेच्या पासबुकाशी ओळीओळीने जुळवा. जिथे जुळत नाही तिथे बहुधा "इतर वजावट" अशी ओळ सापडते. जाहिरात, रद्द ऑर्डरचा दंड, परत आलेल्या मालाची ने-आण हे सगळं त्या ओळीत बसतं.

नौपाड्यातल्या एका पीठ-मसाल्याच्या दुकानासाठी मी मांडते तसा हिशेब खाली देते. आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत, तुमचे तुम्ही घाला. मालावरचा जीएसटी बाजूला ठेवून बिल ५०० रुपयांचं धरू. मालाची पडतळ ३१० रुपये. पडतळ म्हणजे नुसता खरेदीभाव नव्हे. वाशीच्या एपीएमसीच्या मसाला मार्केटातून माल आणला तर टेम्पो, हमाली आणि तूटही तीत आली. ॲपचं कमिशन २० टक्के, म्हणजे १०० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १८ रुपये. सवलतीतला दुकानाचा वाटा ४० रुपये. खोका आणि चिकटपट्टी १२ रुपये. बेरीज ४८०. उरले २० रुपये.

तोच माल काउंटरवर गेला असता तर पिशवीचे तीन रुपये सोडून १८७ रुपये उरले असते. भाडं, वीज, पगार दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते इथे धरलेले नाहीत.

कमिशनवरच्या १८ रुपयांचं काय ते तुमच्या जीएसटीच्या प्रकारावर आहे. नियमित नोंदणी असेल तर त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या जीएसटीतून वजा होते, आणि ऑर्डरमागे २० ऐवजी ३८ रुपये उरतात. कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) असाल तर ते मिळत नाही, तो सरळ खर्च. (१ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यांना राज्याच्या आत ऑनलाइन विक्री करता येते, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच दुकानांचा झाला आहे.) कंपनी कापते तो जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या रकमेतून आधीच कापलेला कर) मात्र खर्च नव्हे. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे. दोन्ही तुमचेच पैसे, फक्त मागून घ्यावे लागतात.

आता परतावा. "माल फुटलेला आला" म्हणून गिऱ्हाइकाने पैसे परत घेतले आणि पाकीट परत आलं नाही, तर ३१० आणि १२ मिळून ३२२ रुपये गेले. ऑर्डरमागे २० रुपये उरत असतील तर सोळा ऑर्डरींची कमाई त्या एका परताव्यात संपली. म्हणून तीन महिन्यांत किती परतावे झाले तो आकडा वेगळा काढा. त्यातले किती दुकानाच्या चुकीने आणि किती वाटेत, हेही लिहा. कंपनीशी बोलताना उपयोगी पडतं.

गिऱ्हाईक नवं की आपलंच

माझ्या मते खरा निकाल इथे लागतो. वीस रुपये कमी वाटले तरी गिऱ्हाईक खरोखर नवं असेल तर ते वरचे वीस आहेत. पण काल दुकानात येणारं गिऱ्हाईक आज ॲपवरून मागवत असेल तर १८७ च्या जागी २० उरले, म्हणजे १६७ रुपयांची तूट. एक जुनं गिऱ्हाईक ॲपवर सरकलं की ती भरून काढायला आठ-नऊ नव्या ऑर्डरी लागतात. इनपुट क्रेडिट मिळत असेल तर चार.

हे ओळखायचं कसं? बहुतेक ॲप गिऱ्हाइकाचा नंबर दाखवत नाहीत. पण पाकिटावरच्या लेबलवर निदान नाव किंवा इमारत असते, आणि आपल्या गल्लीतली माणसं दुकानदाराला पाठ असतात. काउंटरच्या काचेखाली एक वही ठेवा. दोन रकाने: "आधी यायचे" आणि "पहिल्यांदाच". पाकीट डिलिव्हरीच्या मुलाच्या हातात देताना एक रेघ ओढा. ओळखता आलं नाही तर रेघ ओढू नका. दोन आठवडे पुरे. नौपाड्यातल्या त्या पीठ-मसाल्याच्या दुकानात मालकीण काकूंनी अशी वही ठेवली, तेव्हा "आधी यायचे" हा रकाना पहिल्या पानावरच भरत आला. समोरच्याच सोसायटीच्या बी विंगमधून मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी ॲपवर मागवली जात होती. ती माणसं दुष्ट नव्हेत. त्यांना सवलत दिसत होती आणि दुकान घरपोच देतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

घोडबंदर रोडवर उलट चित्रही पाहिलं आहे. कासारवडवलीच्या पुढच्या वसाहतींत संध्याकाळच्या कोंडीमुळे नौपाड्यापर्यंत कोणी येत नाही. तिथून आलेली ऑर्डर खरंच नवी असते. अशा दुकानाने ॲप सोडू नये, फक्त जवळच्या परिसरातली विक्री त्यावरून काढून टाकावी.

पैशाखेरीजचं थोडक्यात. टॅबलेट वाजला की काउंटरवरचं गिऱ्हाईक ताटकळतं का? संध्याकाळच्या गर्दीत एक माणूस नुसता पॅकिंगमध्ये अडकतो का? ॲपवर भाव कमी ठेवावा लागतो म्हणून दुकानातला भावही खाली आला का? यांतल्या एकाचं जरी उत्तर "हो" आलं तर त्याची रुपयांत अंदाजे किंमत लावून हिशेबात धरा.

सोडण्याआधी एकदा लेखी बोला

फोनवर नको. कंपनीचा माणूस बदलला की फोनवरचं बोलणं हवेत जातं. ईमेलमध्ये तुमचा तीन महिन्यांचा हिशेब लावा आणि मोजक्या गोष्टी मागा: दुकानाच्या वाट्याची सवलत बंद, कमिशन सवलत वजा केलेल्या रकमेवर, डिलिव्हरीचं अंतर बदलून, आणि वाटेत फुटलेल्या मालाचा परतावा कंपनीकडे. पंधरा दिवस द्या. दरम्यान यादीतून कमी नफ्याचा माल स्वतःच काढून टाका, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. साखर, रवा, गव्हाचं पीठ यांवर २० टक्के कमिशन देऊन कोणत्याही किराणावाल्याला काहीच उरत नाही.

एवढं करून ऑर्डरमागचा आकडा सुधारला तर राहा. निम्मा सुधारला तर मोजका माल ठेवून राहा. नाही सुधारला तर पुढचं वाचा. आणि पेआउट वारंवार उशिरा येऊ लागले असतील तर वाटाघाटी न करता बाहेर पडायच्या तयारीला लागा. डन्झोचं ॲप जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं. अशी वेळ आली की ज्यांचं येणं बाकी असतं ते रांगेत शेवटी उभे राहतात. कंपनीला दिवाळखोरीत ओढायला किमान १ कोटीची थकबाकी लागते, मार्च २०२० पासून ही मर्यादा आहे. लहान दुकानदाराला फक्त जाहीर सूचना आल्यावर मुदतीत दावा दाखल करणं एवढंच हातात राहतं.

नोटीस देण्याआधीची कामं

तारीख महिनाअखेरची धरा, म्हणजे जीएसटीचा महिना स्वच्छ तुटतो. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. विक्रीही जाते आणि परताव्यांचा घोळ ऐन गर्दीत येतो.

सर्वांत आधी कागद उतरवून घ्या. पेआउट स्टेटमेंट, कमिशनची आणि जाहिरातीची बिलं, क्रेडिट नोटा (बिलाची रक्कम कमी केल्याचे कागद), परताव्यांची यादी, मालाचे फोटो, सगळं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि पॅनल बंद झाल्यावर कंपनी ते देईल याची खात्री नाही. एका पेन ड्राइव्हवर आणि एका ईमेलवर, दोन ठिकाणी ठेवा.

मग सवलती आणि जाहिराती थांबवा. यादी हळूहळू शून्य करा.

कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात माल ठेवला असेल तर तो नोटिशीआधी परत मागवा, कारण नंतर त्याच्यावर साठवणुकीचं शुल्क चढत राहतं. परत पाठवायचं शुल्क किती ते आधी पाहा. स्वस्त माल परत आणण्यापेक्षा तिथेच विकून संपवणं बरं पडतं. माल राज्यातच फिरतो आहे, विक्री नाही, म्हणून डिलिव्हरी चलन लागतं. महाराष्ट्राच्या आत किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद). खोके उघडताना फोनवर सलग चित्रीकरण करा: आधी बाहेरचं लेबल, मग सील, मग एकेक पाकीट मोजत. सील फाटलेलं, मुदत उलटलेलं, कमी निघालेलं असं तिथल्या तिथे वेगळं काढून त्याच दिवशी तक्रार टाका. दोन दिवसांनी टाकलेली तक्रार कंपनी मानत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

कर्ज घेतलं असेल तर थांबा. क्यूआरवरच्या रोजच्या जमेतून हप्ता कापला जात असेल आणि तुम्ही क्यूआर बदलला, तर हप्ता चुकतो आणि सिबिलवर जातं. आधी कर्ज फेडा, ना-हरकत पत्र घ्या, मग पुढे जा.

नोटीस

नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच पाठवा, करारात दिलेल्या पत्त्यावर. एक प्रत स्पीड पोस्टाने. मजकूर इंग्रजीतून पाठवलात तर कंपनीकडे लवकर हलतो, पण त्यात काय असावं ते मराठीत देते:

"दि. … रोजीच्या कराराच्या कलम … नुसार … या दुकानाच्या वतीने करार संपवण्याची … दिवसांची नोटीस देत आहे. शेवटचा दिवस … असेल. त्यानंतर आमच्या दुकानाचं नाव, फोटो आणि मालाची यादी आपल्या ॲपवरून काढावी. आमच्या हिशेबाप्रमाणे आजचं येणं … रुपये असून तपशील सोबत जोडला आहे. अंतिम हिशेब, अनामत आणि क्रेडिट नोटा दि. … पर्यंत द्याव्यात. आजपासून कोणतंही नवं शुल्क, जाहिरात किंवा सवलत आमच्या लेखी संमतीशिवाय लावू नये."

कारणं लिहू नका. करारात कारण मागितलेलं नसेल तर ते देऊन नवा वाद उघडू नये. शेवटचं वाक्य मात्र विसरू नका. नोटिशीच्या काळात चढलेली शुल्कं त्याच्या जोरावर परत मागता येतात.

टॅबलेट, साउंडबॉक्स, फलक, कंपनीची पिशवी परत देताना पोच घ्या. यूपीआय ऑटोपे तुमच्या यूपीआय ॲपमधून आणि एनॅचची (खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची) मंजुरी बँकेतून रद्द करा. पेआउट येतं ते बँक खातं मात्र शेवटची रक्कम जमा होईपर्यंत बदलू नका.

तुमची ओळख तुमच्या हातात आणा

एजन्सीशी काम थांबवायचं असेल तर हाच सगळ्यांत नाजूक भाग. गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीचा मुख्य मालक कोणता ईमेल आहे ते पाहा. एजन्सीचा असेल तर मालकी स्वतःकडे घ्या, नुसतं "व्यवस्थापक" म्हणून नाव असून चालत नाही. वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर कोणाच्या सिमवर आहे, त्याचा सहा आकडी पिन कोणाकडे आहे, इन्स्टाग्रामला कोणता फोन जोडला आहे, हे सगळं शेवटचं बिल देण्याआधी तपासा. बिल दिल्यावर फोन उचलले जात नाहीत. गुगलच्या नोंदीवर "ऑनलाइन ऑर्डर करा" म्हणून जुन्या ॲपची लिंक राहिली असेल तर तीही काढा. नाहीतर गिऱ्हाईक तिथे जाऊन "दुकान बंद आहे" असं वाचतं.

गिऱ्हाइकांना कळवायचं ते करार संपल्यावर. पाकिटात चिठ्ठी घालायला अनेक करार मनाई करतात, म्हणून आधी नको. नंतर सोसायटीच्या कमिटीला विचारून सूचनाफलकावर एक कागद लावा: घरपोच मिळेल, अमुक रुपयांच्या वर डिलिव्हरीचे पैसे नाहीत, फोन हा. काकूंच्या दुकानात शाळेतून आल्यावर त्यांचा पुतण्या सायकलवर समोरच्या सोसायट्यांत पाकिटं देऊन येतो आणि बी विंग परत मिळाली आहे.

कराचा ताळमेळ

कंपनी टीसीएसचं विवरण पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरते. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर तुमच्या नावाची रक्कम दिसते. ती स्वीकारल्याशिवाय कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या रोख जमेच्या खात्यात) येत नाही. कित्येक दुकानांची ही रक्कम महिनोन्‌महिने नुसती पडून असते. कमिशनची बिलं पोर्टलवरच्या २बी विवरणाशी (तुम्हाला मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या यादीशी) जुळवा. राहून गेलेलं क्रेडिट घ्यायला आणि क्रेडिट नोटा दाखवायला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते. गोदामाचा पत्ता नोंदणीत जादा जागा म्हणून घातला असेल तर बदल झाल्यापासून १५ दिवसांत काढा.

पैसे अडकले तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, मग वकिलाची नोटीस. पुढचा रस्ता कंपनी मध्यस्थ की खरेदीदार, या सुरुवातीच्या प्रश्नावर अवलंबून. तुम्ही स्वतः भाजणी दळता, पापड लाटता, म्हणजे उत्पादक आहात, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे आणि कंपनीने तुमचा माल विकत घेतला आहे, तर एमएसएमई कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नसेल तर १५. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. पण तयार माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळाली ती फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जांसाठी. उशिराच्या पैशांचं हे संरक्षण त्यांना नाही. बरेच किराणावाले त्या पोर्टलवर अर्ज करून महिने घालवतात, म्हणून स्पष्ट लिहिते आहे. त्यांनी करारातली लवादाची अट वकिलाला दाखवून सरळ वसुलीचा मार्ग धरावा. दाव्याची मुदत साधारणपणे येणं झाल्यापासून ३ वर्षं.

करार संपून तीन महिने झाले की जीएसटी आणि आयकर, दोन्ही पोर्टल एकदा उघडा. शेवटच्या तारखेनंतरच्या विक्रीची नोंद त्या कंपनीने तुमच्या नावावर दाखवली असेल तर त्याच दिवशी नोटिशीची प्रत जोडून ईमेल करा आणि नोंद दुरुस्त झाल्याचं उत्तर फाइलला लावा.